ओलं धावणं

देवखडीच्या भैरोबाचं ओलं धावणं मी एकदा जिंकलेलो आहे. मच्छिंद्र दवंगेला एकवीस पायऱ्या मागे टाकून, दोन्ही तळव्यांत मिळून सतरा काटेरी सराटे घेऊन.

असं काही झालेलं नाही. देवळाच्या सभामंडपात विजेत्यांची यादी रंगवलेली आहे, तिच्यात त्या सालासमोर आडवी रेघ आहे. तेव्हा पुढे जे सांगतोय ते न झालेल्या गोष्टीबद्दल आहे, एवढं धरून चालावं.

"उतर," तात्या म्हणाले.

"पाणी गार आहे, तात्या."

"पौषात बंधाऱ्याचं पाणी काय उकळतं असतं? उतर. नायतर ढकलतो."

तात्या, म्हणजे यादव दवंगे, माझे थोरले चुलते. ढकलतो म्हणाले की ढकलायचे, म्हणून मी उतरलो. नेसूचं धोतर, वर काही नाही, हातात तांब्याचा तांब्या. पाण्यावर वाफ तरंगत होती आणि ती वाफ बघून माणसाला वाटावं की पाणी गरम असेल. ही त्या बंधाऱ्याची जुनी लबाडी आहे. गुडघ्यापर्यंत गेलो तेव्हा पाय दुखले, कमरेपर्यंत गेलो तेव्हा पाय माझे राहिले नाहीत. बुडी मारून वर आलो तर बंधाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मच्छिंद्र आधीच ओला होऊन उभा होता. तो थरथरत नव्हता. गेली सात वर्षं तोच जिंकत होता, त्यामुळे थंडीही त्याला बिचकून असावी.

आता नियम सांगतो, नाहीतर पुढचं वेड्यासारखं वाटेल. नियम सांगूनही वाटेलच.

भैरोबाच्या पालखीचा मान आम्हा दवंगे भावकीचा. भावकीच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. आम्ही थोरली. पौष पौर्णिमेच्या सकाळी दोन्ही पात्यांचा एकेक गडी बंधाऱ्यात बुडी मारतो आणि ओलेत्याने, अनवाणी, भरला तांब्या घेऊन तीन किलोमीटर पळतो. गावाला लागून टेकडी आहे, तिच्यावर देऊळ. पहिला पोचेल त्याला गुरव विचारतो, घरात सुतक आहे का. तो नाही म्हणतो, देवावर पाणी घालतो, आणि वर्षभर पालखीचा पुढचा दांडा त्याच्या पातीकडे. हरलेल्यांनी मागचा धरायचा. मागच्या दांड्याच्या माणसाला वर्षभर देवाची पाठ दिसते आणि पुढच्यांच्या टाचा. आम्ही सात वर्षं धाकट्या पातीच्या टाचा बघत होतो. कुणाची टाच कधी फुटते हे तात्यांना पाठ होतं.

यातलं खरं कलम सुतकाचं. सगळ्या भावकीला सुतक आलं तर धावणं होत नाही, मान जिथल्या तिथे राहतो. पण एकाच पातीला सुतक असेल आणि तिचा गडी पळाला नाही, तर त्या पातीचा मान गेला. त्या वर्षापुरता नाही, कायमचा. पूर्वी दुसऱ्या कलमाची गरज पडत नसे, कारण एकाच भावकीत सुतक एकाला आणि दुसऱ्याला नाही, असं होतच नाही. आमच्यात होऊ लागलं, कारण आम्ही सुतक तोडलं होतं.

तेही थोडक्यात सांगतो. मी आठ वर्षांचा असताना तात्यांच्या शकूताईचं लग्न निघालं. पत्रिकेत खाली मोठ्या माणसांची नावं असतात, तिथं धाकट्या पातीच्या काशिनाथ आबांचं नाव घातलं होतं. आबा म्हणजे आजोबांचे चुलतभाऊ, मच्छिंद्रचे सख्खे आजोबा. छापखान्यानं त्यांच्या नावामागे 'कै.' लावला. सहाशे प्रती. आबांना स्वतःच्या मरणाची बातमी कुंकू लावलेल्या पत्रिकेतून, सहकुटुंब जेवायला या अशा आग्रहासकट मिळाली.

आबा हसले म्हणे. आबांचा मुलगा, कचरूकाका, हसला नाही. तो पत्रिका घेऊन आमच्या अंगणात आला. तात्यांनी चूक झाली म्हणायचं सोडून सांगितलं, "छापल्यानं कोणी मरतं का?" त्यावर भावकी बसली आणि उठली तेव्हा ठरलं होतं, तुमच्या मेल्याचं आम्हाला नाही, आमच्या मेल्याचं तुम्हाला नाही. दोन्ही घरांत भिंत एक, आणि बोलणं बंद.

तेव्हापासून तात्या आबांच्या तब्येतीची रोज चौकशी करत. जिव्हाळ्यानं नव्हे. आबा थकत चालले होते, आणि पौर्णिमेच्या आधीच्या नऊ दिवसांत ते गेले तर धाकटी पाती सुतकात अडकून मान कायमचा आमच्याकडे येणार होता. त्या साली आबा शहाऐंशी वर्षांचे होते आणि दिवाळीपासून अंथरुणावर होते. तात्यांनी पौष लागल्यापासून कॅलेंडर खिळ्यावरून काढून उशाशी घेतलं होतं.

आमचा नेहमीचा पळणारा, तात्यांचा मुलगा, आदल्या आठवड्यात मोटारसायकलवरून पडला. घरात दोन्ही गुडघे शाबूत असलेला मी एकटा उरलो. माझी निवड अशी झाली.

बंधाऱ्यावर तात्यांना कचरूकाकाला विचारायचं होतं, पण बोलणं बंद. ते पाण्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "काय रे बंधाऱ्या, आबा कसे आहेत?"

कचरूकाका बाभळीकडे वळला. "सांग गं बाई त्यांना. आबा मस्त आहेत. सकाळी दोन कप चहा प्याले."

"बंधाऱ्या, दोन कप? या वयात?"

"बाभळे, त्यांना म्हणावं, तिसरा मागत होते. आम्हीच दिला नाही."

"पोरगं का सुजलंय रे मग, बंधाऱ्या? रात्रभर प्यालंय वाटतं."

मच्छिंद्रचे डोळे खरंच लाल होते. त्यानं वर बघितलं नाही. कचरूकाका बाभळीचा डिंक खरवडू लागला.

मला त्या सकाळची एक गोष्ट खटकली होती, पण ती घरात कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आबांची खाट सामाईक भिंतीला लागून होती. मी रोज सहाला परसात चूळ भरायला गेलो की भिंतीपलीकडून आबा दोनदा खोकायचे. खोकल्याचा खोकला नव्हे. मुद्दाम, अंतर ठेवून. मग मी दोनदा खोकायचो. बोलणं बंद होतं, खोकण्याबद्दल भावकीत काही ठरलं नव्हतं. चौदा वर्षं हे चाललं होतं. तात्यांना वाटायचं मला क्षय झालाय. त्यांनी दोनदा माझ्या छातीचा फोटो काढून आणला. दोन्ही फोटोंत काही सापडलं नाही म्हणून तात्या डॉक्टरवरच चिडले.

त्या दिवशी भिंतीपलीकडून खोकला आला नाही. मीच आधी खोकलो. पलीकडे रेडिओ मोठ्यानं चालू होता, शेतकऱ्यांसाठी काहीतरी सांगत होते. पुन्हा खोकलो. रेडिओवर द्राक्षावरचा भुरी रोग आला. आबा झोपले असतील म्हणून मी निघालो.

"ऐक," तात्या माझ्या कानाशी आले. "उसाच्या पुढं गाडीवाट लागते. तिथं उजव्या चाकोरीनं पळ. डाव्या चाकोरीत पाय घालायचा नाही."

"का?"

"मच्छ्या कायम डावीनं पळतो. काल संध्याकाळी पाटीभर सराटे टाकून आलोय."

"तात्या, देवाचं धावणं आहे."

"देवानंच केलेत सराटे. मी फक्त जागा बदलली."

हलगी वाजली आणि आम्ही निघालो. वडीलधारे मोटारसायकलींवर बसून डांबरी रस्त्यानं टेकडीकडे गेले. पळणाऱ्यांच्या वाटेवर कुणी थांबायचं नाही असा नियम आहे. तो पाळला जातो, कारण त्या थंडीत तिथं थांबायला कोणी मोकळं नसतं.

उसाच्या बांधानं पळताना पायाखाली दव होतं. दव म्हणजे काहीतरी मऊ वस्तू असावी अशी माझी समजूत त्या दिवशी गेली. ओलं धोतर पोटऱ्यांना फटके मारत होतं. प्रत्येक फटका वेगळा मोजता येत होता. मच्छिंद्र दहा पावलं पुढे. त्याचा श्वास विचित्र येत होता, मध्येच अडकायचा, मग दोन एकदम. मला वाटलं, चला, म्हातारा झाला. तो माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा होता.

गाडीवाट लागली. तो डावीकडे गेला. मी उजवीकडे. मला आनंद झाला, हे कबूल करतो. आणि पुढच्याच पावलाला दोघेही एकदम ओरडलो.

सराट्याला तीन टोकं असतात आणि तो कसाही पडला तरी एक टोक वर असतं. तो ज्यानं केला त्याला अनवाणी माणसाबद्दल काही माहिती असणार. मी एका पायावर उभा राहिलो, तो पायही सराट्यावर होता. मग दुसऱ्यावर. शेजारच्या चाकोरीत मच्छिंद्र तेच करत होता. लांबून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, दवंगे नाचतायत, समेट झाला.

दोघेही मधल्या गवताच्या पट्टीवर आलो आणि तांबे सांभाळून बसलो. तांब्या सांडला तर परत बंधाऱ्यापासून सुरुवात.

"उजवीकडं कोणी टाकले?" मी विचारलं. चौदा वर्षांतलं ते माझं त्याच्याशी पहिलं वाक्य.

"बापानं. काल संध्याकाळी." त्यानं नाक ओढलं. "म्हणाला, यादव त्याच्या पुतण्याला उजवीनं पाठवणार. डावीकडं कोणी?"

"तात्यांनी."

"हरामखोर."

"तुझा बाप?"

"दोघं."

स्वतःचा तळवा माणसाला धड दिसत नाही, आणि बोटं तर लाकडाची झाली होती. थोडा वेळ दोघांनीही आपापले पाय वाकडे करून बघितले. मग त्यानं माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि दातांनी सराटा काढला. मी त्याचा घेतला. त्याची टाच आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीची होती, पण जवळून मी पहिल्यांदाच बघत होतो. वर बघितलं तर त्याच्या गालांवरून पाणी चाललेलं.

"सात वर्षं जिंकणारा गडी," मी म्हणालो, "आणि सराट्याला रडतोस?"

"आबा गेले."

मी सराटा धरून बसलो.

"कधी?"

"पहाटे. मीच पाणी पाजलं." त्यानं उपसलेला सराटा गवतात लांब फेकला. "रेडिओ लावलाय मोठ्यानं. आई तोंडात पदर कोंबून माजघरात बसलीय. आत्या आलीय, तिला कोठीत कोंडलंय, तिचा आवाज मोठा आहे. बाप म्हणाला, धावणं होईपर्यंत आबा जिवंत आहेत. कोणी रडायचं नाही."

"आणि दोन कप चहा?"

"दोन कप ओतलाय, खाटेखाली ठेवलाय. विचारलं कोणी तर खोटं नको."

मी हसलो. तोही हसला आणि मग त्याला ते आवरेना. तो हसतच मोठ्यानं रडू लागला, आणि मग एकदम गप्प झाला, कुणी ऐकेल म्हणून. ऐकायला तारेवर बसलेला एक होला होता.

"आता वर जाऊन तू नाही म्हणणार," मी म्हणालो. "गुरवानं विचारल्यावर."

"म्हणावं लागंल ना. पळालो नसतो तर मान गेला कायमचा. आबांनी एकवीस वर्षं पुढचा दांडा धरलाय." त्यानं डोळे पुसले. "सात वर्षं नाही म्हणतोय, तोंडाला सवय आहे. आता तू जा आणि बोंबल. तुझ्या तात्याला हवंच होतं."

"मी बोंबललो तर तात्यांना आनंद होईल."

"मग?"

"त्यांना आनंद झालेला मला बघवत नाही."

हे खरं होतं. त्याशिवाय दुसरं काहीही त्या वेळी माझ्या मनात नव्हतं, असं मी तेव्हा समजत होतो.

तो उठला, तांब्या उचलला आणि पळत सुटला. शर्यत होती, विसरून चालणार नव्हतं. मी त्याच्या मागे. पट्टीवरून पळालो, दोघेही, एकामागे एक, कारण दोन्ही चाकोऱ्या आमच्या घरांनी बंद केल्या होत्या.

टेकडीला एकशे अकरा पायऱ्या आहेत. दगडी, रात्रभर गार पडलेल्या. साठाव्या पायरीला मी त्याला गाठलं. तो पायानं नव्हे, श्वासानं कमी पडत होता. श्वास एकच असतो, त्यात रडायचं की चढायचं हे ठरवावं लागतं. मी बाजूनं जाताना तो म्हणाला, "रंग्या." एवढंच. पुढे काय म्हणायचं होतं ते अजून मला माहीत नाही. माझं नाव रंगनाथ आहे, हे सांगायचं राहिलं होतं.

मी वर पोचलो तेव्हा तो एकवीस पायऱ्या खाली होता. मोजायचं काम हलगीवाल्याकडे असतं.

तात्यांनी फेटा काढून हवेत उडवला. वारा होता, तो लिंबाच्या झाडावर अडकला. "शाब्बास!" ते ओरडले. "बघा रे! रक्त आहे शेवटी दवंग्यांचं!" पायऱ्यांवर खरंच होतं, माझं आणि मागून येणाऱ्याचं, दोन्ही.

कचरूकाका नंदीजवळ उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हरले होते, पण पळाले होते. मान मागच्या दांड्याचा का होईना, राहिला होता. आता घरी जाऊन बाप मेल्याचं जाहीर करायचं, एवढंच त्याचं काम उरलं होतं.

बबन गुरव पुढे आला. त्याला सर्दी झाली होती आणि हे सगळं लवकर आटपायचं होतं.

"कोण पाती?"

"थोरली."

"तांब्या भरला?"

"भरला."

"घरात सुतक?"

इथं 'नाही' म्हणायचं असतं. ते खरंही होतं. चौदा वर्षांपूर्वी सगळ्या भावकीसमोर ठरलेलं, पक्कं, खरं. माझ्या घरात कुणी मेलं नव्हतं. पुढचा दांडा आमचा, तात्या खूश, मच्छिंद्रला खोटं बोलावं लागत नाही, त्यांचाही मान शाबूत. सगळ्यांचं नीट होत होतं. मी तोंड उघडलं आणि घसा धरला होता, म्हणून आधी खोकलो. दोनदा.

आणि थांबलो. का थांबलो ते तिथं कुणालाच कळलं नाही. गुरवानं नाक पुसून पुन्हा विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

"काय आहे?"

"सुतक. काशिनाथ आबा गेले. पहाटे."

हलगी थांबली. तात्यांना आधी ऐकू आलं नाही, मग आलं, मग त्यांच्या चेहऱ्यावर एक पहाट उगवायला लागली, कारण त्यांनी फक्त दुसरा अर्धा भाग ऐकला होता. "मेला! पळाले कसे हे मग? सुतकात पळाले! मान गेला यांचा!"

"तात्या," गुरव म्हणाला, "हा पोरगा सुतक तुमच्या घरात आहे म्हणतोय."

ती पहाट तिथंच मावळली.

"आमच्यात कशाचं? आमचं त्यांचं तुटलंय! रंग्या, ए, सांग त्याला!"

"तुमचं तुटलंय," मी म्हणालो. "मला कोणी विचारलं नव्हतं. मी आठ वर्षांचा होतो, दुसरीत."

"शब्द मागं घे."

"तुम्ही आबा गेल्याच्या सहाशे प्रती छापल्या होत्या, तात्या. मी एकदाच म्हणतोय."

तात्यांनी मला कानाखाली मारली. थंडीत कान फार लागतो. तांब्या हातातून सुटला आणि पायऱ्यांवरून घरंगळत गेला, मच्छिंद्रच्या पायाशी जाऊन थांबला. तो तिथंच बसला होता.

बबन गुरवानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. "देवासमोर एकदा आहे म्हटलं की आहे. भावकीला सुतक. धावणं झालं नाही. मान जिथल्या तिथे." आणि शिंकला.

कचरूकाका माझ्याजवळ आला. मला वाटलं, दुसरा कान. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. खिशातून मोबाईल काढला, बटण दाबायला त्याला तीनदा चष्मा सारखा करावा लागला. पलीकडून कुणी उचललं. तो दोनच शब्द बोलला.

"रडा आता."

आणि नंदीला धरून खाली बसला. थोड्याच वेळात खालून, गावातून, आमच्याच गल्लीतून तो आवाज वर आला. मच्छिंद्रची आत्या खरंच मोठ्या आवाजाची होती.

त्या दिवशी मी आबांना खांदा दिला, पुढून. अनवाणीच होतो, वेगळं काही करावं लागलं नाही. दहाव्याला डोकं भादरलं. पौषात टक्कल म्हणजे काय असतं त्याचं वर्णन मी करणार नाही. तात्या स्मशानात आले नाहीत, दहाव्याला आले नाहीत, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. या पौषात बारा वर्षं झाली. त्यांची खाट आता आबांच्या खाटेसमोरच आहे, म्हणजे होती तिथं, भिंतीच्या अलीकडे. त्यांना हिवाळ्यात दमा असतो. मी परसात गेलो की ते खोकला गिळतात. गिळताना ऐकू येतं.

देवस्थान समितीकडे मी दर पौषात एक अर्ज देतो. या वर्षीचा असा:

प्रति,
मा. अध्यक्ष श्री. यादव केरू दवंगे यांस,
श्री भैरवनाथ देवस्थान समिती, देवखडी.

विषय: दप्तरातील नोंदीत दुरुस्ती करणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, सभामंडपातील यादीत सदर सालासमोर असलेल्या आडव्या रेघेबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. रेघ आहे तशी ठेवण्यात यावी. मात्र सदर दिवशी सकाळी ठीक सहा वाजता सामाईक भिंतीच्या पलीकडून खोकल्याचे दोन आवाज आले होते व अर्जदाराने त्यांस रीतसर उत्तर दिले होते, अशी नोंद मागील तारखेने घेऊन, तिची सही-शिक्क्यानिशी एक प्रत अर्जदारास हातोहात मिळावी, ही नम्र विनंती.